लाल विंचवाचा दंश: हातपाय गार पडल्यापासून पुन्हा ऊबदार होईपर्यंत

विंचू चावलेलं पोर दवाखान्यात किंचाळत आलं तर सहसा काळजी कमी असते. काळजी करायची ती घामाने थबथबलेल्या, दोनचार उलट्या झालेल्या आणि ‘मघापेक्षा शांत झालाय’ असं आई सांगते त्या पोराची. लाल विंचवाचं विष रक्तात पसरलं की दंशाच्या जागेची कळ पुष्कळदा कमी होते आणि हृदयावरचा ताण वाढत जातो. कळीवरून गंभीरपणा ठरवणारा माणूस इथे हमखास फसतो. पाहायचे ते हातपाय: कोरडे की ओले, गरम की गार. पुढचे सगळे निर्णय त्याच्यावरच घ्यायचे आहेत.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममधले डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. घरच्यांनी काय करायचं ते आधी थोडक्यात सांगतो. औषधांचा भाग मात्र घरी करून बघायचा नाही.

कोणता विंचू

महाराष्ट्रात लोक दोन विंचू ओळखतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण तिचा दंश बहुतेक वेळा जागेपुरताच राहतो. लाल विंचू त्या मानाने लहान, तांबूस-पिवळसर, आणि जीव घेतो तो हाच. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या कागदपत्रांत तो मेसोब्युथस किंवा ब्युथस टॅम्युलस म्हणून सापडेल. ओळखायची सोपी खूण: पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल तर धोका, चिमटे जाडजूड आणि शेपटी बारीक असेल तर धोका कमी. नातेवाइकांनी विंचू मारून बरणीत आणला तर जरूर बघा, पण त्याला शोधायला कुणाला परत घरी पाठवू नका. उपचार लक्षणांवर होतात, विंचवाच्या रंगावर नाही.

कोकणात जांभ्या दगडाचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, रचलेली लाकडं, जुनी कौलं या त्याच्या जागा. उन्हाळ्याचे शेवटचे महिने आणि पावसाळा संपतानाची कापणी या दोन हंगामांत रुग्ण वाढतात. शक्यतो त्याआधीच औषधांचा साठा मोजून ठेवा.

दवाखान्यात पोचेपर्यंत

दंशाची वेळ लक्षात ठेवा, लिहून ठेवलीत तर आणखी बरं. बोट किंवा पाय दोरीने आवळू नका, ब्लेडने चीर देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ जागेवर धरला की कळ थोडी कमी होते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर ओआरएसचं पाणी घोट घोट द्या, कारण घाम आणि उलट्यांतून बरंच पाणी गेलेलं असतं. चालत आणू नका. मंत्र-अंगारा करून मग दवाखाना, हा क्रम उलटा आहे. अंगारा दवाखान्यात लावला तरी डॉक्टरांची हरकत नसते.

विष करतं काय

हे नीट कळलं तर औषधांच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. हे विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं. तंतू थांबतच नाहीत, एकसारखे संदेश सोडत राहतात. पहिला झटका ॲसिटिलकोलीनचा: उलट्या, लाळ, भरपूर घाम, मंद नाडी, मुलांमध्ये लिंग ताठ होणं. त्याच्यामागून ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा लोंढा येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, बीपी चढतं, नाडी धावते. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. मरण येतं ते या पाण्याने किंवा त्यापुढच्या हृदयाच्या शॉकने.

नळ्या आवळणारा रिसेप्टर अल्फा-१. प्राझोसिन हे औषध नेमका तोच अडवतं. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्याआधी गंभीर दंशात दर दहांत तीन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण शंभरात दोनचारांवर आलं. बीपीची एक साधी, स्वस्त गोळी. तीही अनेक केंद्रांच्या कपाटात नसते, हे मात्र कोडं आहे.

पहिली पाच मिनिटं

रुग्णाला आडवं करा. शर्ट काढा, लहान मुलगा असेल तर चड्डीही. आता क्रमाने बघा.

तळहात आणि तळपाय आपल्या हाताच्या पाठीने चाचपा. मे महिन्यात, पंखा बंद असताना, पोराचे पाय आत्ताच विहिरीतून बाहेर काढल्यासारखे लागले तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. मनगटाच्या मागच्या शिरा दिसतात का ते पाहा. वाहिन्या आवळलेल्या असताना त्या गायब असतात आणि सलाईनची सुई घालताना सिस्टर वैतागतात. तो वैतागही एक लक्षणच. नंतर याच शिरा पुन्हा वर दिसू लागल्या की औषध लागू पडतंय असं समजायचं.

मुलाचं लिंग ताठ आहे का ते प्रत्यक्ष पाहा. आईबाप लाजेने सांगत नाहीत, आपण विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. मोठ्या पुरुषांतही हे दिसतं. हे लक्षण असेल तर विष पसरलं आहे, एवढं नक्की.

दंशाच्या जागी बोटाने हलकी टिचकी मारा. सूज नाही, लाली नाही, तरी रुग्ण हात झटकन मागे घेतो. विंचू पाहिलेला नसताना निदानासाठी ही टिचकी उपयोगी पडते.

मग नाडी, बीपी (मुलांसाठी मुलांचाच कफ, मोठ्या कफने बीपी खोटं कमी दिसतं), श्वासाची गती, ऑक्सिजन आणि छातीच्या तळाला करकर. थंड बोटांवर पल्स ऑक्सिमीटर आकडा दाखवत नाही किंवा चुकीचा दाखवतो. तेव्हा तो कानाच्या पाळीला लावा. वजन करा. अंदाज नको, काट्यावर करा.

यावरून चार पायऱ्या ठरतात. पहिलीत फक्त कळ, हातपाय कोरडे आणि गरम. दुसरीत घाम, लाळ, उलटी, ताठ लिंग, गार हातपाय, बीपी चढलेलं किंवा उतरलेलं, नाडी वेगवान किंवा मंद. तिसरीत हे सगळं आणि त्यावर फुप्फुसात पाणी. चौथीत नाडी धावते, बीपी कोसळलेलं, पण हातपाय गरम. ही चौथी फसवी असते. गरम हात बघून ‘बरा झाला’ म्हणून कागद लिहिला जातो.

नुसती कळ असेल तर

मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, वर बर्फ. कळ असह्य असेल तर बोटाच्या मुळाशी लिग्नोकेनचा ब्लॉक, म्हणजे बोटापुरती भूल. साधं लिग्नोकेन घ्या, ॲड्रेनलिन मिसळलेलं बोटावर नको. एक टक्का द्रावणात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात आणि किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. म्हणजे १० किलोच्या पोराला जास्तीत जास्त ३ मिलिलिटर. दोन टक्क्यांची कुपी असेल तर त्याच्या निम्मे.

नुसत्या कळीला प्राझोसिन द्यायचं नाही. पण मूल असेल तर २४ तास घरी सोडायचंही नाही. पहिल्या चार तासांत बहुतेकांचं चित्र स्पष्ट होतं, तरी काहींच्या फुप्फुसात पाणी उशिरा येतं. दर अर्ध्या तासाने पाय चाचपत राहा.

प्राझोसिन: किती, कसं, कधीपर्यंत

दुसरी पायरी दिसली की लगेच द्या. रक्ताच्या रिपोर्टची, ईसीजीची, वरिष्ठांच्या फोनची वाट बघू नका.

मुलांना डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. मोठ्या माणसाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. मुलाचा हिशेब मोठ्याच्या डोसपेक्षा वर गेला तर मोठ्याच्याच डोसवर थांबा.

एक मिलिग्रॅमची गोळी दोन चमच्यांमध्ये बारीक चुरा आणि १० मिलिलिटर पाण्यात कालवा. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम. १२ किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ३.६ मिलिलिटर. गोळी पाण्यात पुरती विरघळत नाही, चुरा तळाशी बसतो. म्हणून ढवळा आणि ढवळल्याबरोबर सिरिंजमध्ये ओढा. तसं केलं नाही तर पहिल्या मुलाला नुसतं पाणी आणि दुसऱ्याला सगळं औषध जातं.

इथे एक चूक वारंवार घडते. दुकानात मिळणारं प्राझोसिन पुष्कळदा एक्सएल असतं, अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी. ती या कामाची नाही. अख्खी दिली तर परिणाम उशिरा आणि बेभरवशाचा, चुरली तर डोसचा हिशेबच राहत नाही. साधी एक मिलिग्रॅमची गोळी मागा आणि पाकीट उलटून स्वतः वाचा.

उलट्या थांबत नसतील किंवा मूल पेंगत असेल तर नाकातून नळी घालून द्या. दिल्याबरोबर सगळं उलटून पडलं तर तोच डोस पुन्हा.

पुढचा डोस तीन तासांनी, हातपाय अजून गार असतील तर. असंच दर तीन तासांनी, हातपाय कोरडे आणि गरम होऊन शिरा वर दिसेपर्यंत. काहींना एकच डोस पुरतो, काहींना चार लागतात. ‘दिवसातून तीनदा’ असं केसपेपरवर लिहू नका. पुढच्या डोसची वेळ लिहा आणि त्याखाली ‘पाय गार असल्यास’ असं लिहा.

पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं, विशेषतः उठून बसल्यावर. तीन तास आडवंच ठेवा. पोर रडलं की आई त्याला उचलून खांद्यावर घेते. तिला आधीच सांगून ठेवा की शेजारी झोपून थोपटा, उचलू नका. लघवीलाही भांडं द्या. नाडी, बीपी, श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाला, मग दर चार तासांनी लिहा.

‘बीपी ९० आहे, मग प्राझोसिन कसं द्यायचं?’ हा प्रश्न नेहमी येतो. आधी कारण बघा. खूप उलट्या, घाम, सुकलेली जीभ आणि स्वच्छ छाती असेल तर पाणी कमी पडलंय. शुद्धीवर असेल तर ओआरएस, नाहीतर किलोमागे १० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट सावकाश, आणि मधेमधे छातीला स्टेथोस्कोप लावत. पाणी भरून निघालं की गार हातपायांना प्राझोसिन द्यायचंच. छातीत करकर असताना मात्र बीपी कमी म्हणून सलाईन धो धो सोडणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर रिकामी करणं. तिथे हृदयाला आधार लागतो, तो पुढे सांगतो.

प्रतिविष

लाल विंचवाचं प्रतिविष भारतात बनतं, मुंबईच्या हाफकिनमध्येही. सापाच्या प्रतिविषाचा इथे काहीही उपयोग नाही, तरी घाईत तीच कुपी हाती येते. महाडमध्ये ७० रुग्णांवर झालेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत पूर्ण बरे झाले; फक्त प्राझोसिनवर असलेल्या ३५ पैकी ८. फरक मोठा आहे. तेव्हा प्रतिविष असेल तर दुसऱ्या पायरीपासून द्या: ३० मिलिलिटर, म्हणजे १० मिलिलिटरच्या तीन कुप्या, १०० मिलिलिटर सलाईनमध्ये अर्ध्या तासात. लहान मुलांत सलाईनचं प्रमाण वजनाप्रमाणे कमी करा, प्रतिविषाचं नाही. विंचवाने मुलाला विष कमी टोचलेलं नसतं.

कुपीत पाणी घातल्यावर ती हातात हळू फिरवा. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध फेसातच राहतं. त्वचेवर चाचणी करत बसू नका, ती पुढची रिॲक्शन सांगू शकत नाही. ॲड्रेनलिन मात्र सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं: मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.

प्रतिविष लवकर दिलं तर उपयोगी. फुप्फुस भरल्यावर रक्तातलं उरलेलं विष आवरून थकलेलं हृदय लगेच उभं राहत नाही. आणि प्रतिविष संपलंय म्हणून प्राझोसिन लांबवण्याचं काहीच कारण नाही.

छाती भरली तर

कोरडा खोकला, झोपवलं की धडपडत उठून बसणं, तोंडाला गुलाबी फेस. ही तिसरी पायरी. आता आडवं ठेवायचा नियम मोडा, पाठ उंच करा, ऑक्सिजन लावा. प्राझोसिन नळीतून चालू ठेवा.

बीपी चढलेलं असेल तर नायट्रोग्लिसरीनची ड्रिप. २५ मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये घेतलं तर मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला मिनिटाला १० मायक्रोग्रॅमने सुरू करायचं तर पंपावर तासाला १.२ मिलिलिटर. दर पाच-दहा मिनिटांनी बीपी बघत वाढवा. बीपी उतरलं असेल तर हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन, किलोमागे मिनिटाला ५ ते १५ मायक्रोग्रॅम. २५० मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये घेतलं तर २० किलोच्या मुलाला ५ मायक्रोग्रॅमसाठी तासाला १.२ मिलिलिटर. दोन्ही पंपांवर आकडा तोच आला, हा निव्वळ योगायोग. सिरिंजवर औषधाचं नाव ठळक लिहा, कारण अदलाबदल झाली तर परिणाम नेमका उलटा होईल.

लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड हात सरसावून देऊ नका. या रुग्णाच्या अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. बीपी चांगलं असेल तर एखादा डोस चालतो. मास्कने दाब देणारं मशीन असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर ते लवकर लावा. त्याने पुष्कळांना श्वासनलिकेत नळी घालणं टळतं. चौथ्या पायरीतल्या रुग्णाला डोब्युटामिन सुरू करून सरळ आयसीयू.

ईसीजीत एसटी चढलेला, टी टोकदार दिसतो. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा असा ईसीजी पाहून हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जाण्याचा धोका खरा आहे. घाम, गार हात, उलटी ही लक्षणंही तीच. म्हणून पायाच्या बोटावर टिचकी मारून बघा आणि विचारा: ‘कापणीला गेला होतात का?’ साखर २०० च्या वर आली तरी घाबरू नका. या लोंढ्यात इन्सुलिन दबतं. वादळ ओसरलं की साखर बहुधा आपोआप उतरते.

कपाटातून काढू नयेत अशी औषधं

ॲट्रोपिन: घाम आणि लाळ बघून हात तिकडे जातो. ते दिलं की ॲड्रेनलिनला रान मोकळं मिळतं. नाडी फारच मंद होऊन बीपी कोसळलं असेल तरच. हायड्रोकॉर्टिसोन आणि एविल: ‘विषारी दंश म्हणून’ सवयीने दिली जातात, उपयोग शून्य, वर स्टेरॉइडने ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा जोर वाढतो. मॉर्फिन, पेथिडीन आणि जुनं लायटिक कॉकटेल (पेथिडीन आणि गुंगीच्या औषधांचं मिश्रण) नको. निफेडिपीन जिभेखाली नको. बीटा ब्लॉकर तर अजिबात नको. आवळलेल्या नळ्या तशाच राहतात आणि पंप मात्र मंदावतो.

रेफर करताना

पहिला डोस देऊनच १०८ मध्ये चढवा. घाटातून दीड तासाचा प्रवास म्हणजे प्राझोसिनने काम करायचा अर्धा वेळ. चिठ्ठीवर पाच गोष्टी हव्यात: दंशाची वेळ, वजन, प्राझोसिन किती मायक्रोग्रॅम किती वाजता, प्रतिविष किती कुप्या, निघतानाचे हातपाय गार की गरम. ‘विंचूदंश, पुढील उपचारार्थ’ एवढ्याच चिठ्ठीवर पुढचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरू करतो, किंवा दुहेरी डोस देतो.

घरी सोडताना

बरा होत चाललेला रुग्ण कसा ओळखायचा? नाडी हळूहळू उतरते, लघवी होते, पोर खायला मागतं, तळहात सुकतात. आणि दंशाची जागा पुन्हा ठणकायला लागते. रात्री शांत पडलेलं पोर पहाटे बोट धरून भोकाड पसरतं. नातेवाईक घाबरतात, पण आपण गरम पाय चाचपून खात्री केली की प्राझोसिनचा पुढचा डोस खोडायचा आणि पॅरासिटामॉल लिहायचं. चौथ्या पायरीचे गरम पाय याहून वेगळे: तिथे नाडी धावतच असते, बीपी खाली असतं आणि पोर रडत नाही.

प्राझोसिनचा शेवटचा परिणाम ओसरेपर्यंत, म्हणजे निदान सहा तास, बीपी बसवून आणि उभं करून मोजा. उभं केल्यावर चक्कर नाही, छाती स्वच्छ, ऑक्सिजन हवेवर ९५ च्या वर, मग डिस्चार्ज. बोटाची बधिरता चारदोन दिवस राहील, हे सांगून ठेवा. आणि घरी जाऊन पहिलं काम: ज्या पेंढ्यात दंश झाला त्यात पुन्हा हात घालण्याआधी तो काठीने उलथून बघणं. तिथे दुसरा असू शकतो.